वाऱ्याच्या दिवशी समुद्राकडे

(मंडळाच्या श्रावणातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी विषय कळवला तेव्हा चिटणीसांचा लगेच फोन आला. म्हणाले, ‘‘समुद्रपक्षी? अहो, बडोद्यात समुद्र कुठं आहे?’’ प्रश्न रास्त होता. आपल्याकडे विश्वामित्री आहे, सूरसागर आहे. ‘सागर’ म्हणायचा तो तेवढाच. मी म्हटलं, कमाटीबागेत जा. तिथल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. इथं वाढलेल्या प्रत्येक मुलानं तो तोंड उघडं टाकून पाहिलेला असतो. सत्तर फुटांच्या आसपास लांबीचा हा प्राणी १९४४ साली माही नदीच्या मुखाकडे वाहून आला होता. म्हणजे समुद्र आपल्याला वाटतो तितका लांब नाही.

दुसरी गोष्ट इतिहासाची. आपल्या गायकवाडीला स्वतःचा समुद्र होता. नवसारी प्रांताला बिलिमोऱ्याची खाडी होती, अमरेली प्रांतात कोडीनार होतं आणि थेट पश्चिमेच्या टोकाला ओखामंडळ होतं, म्हणजे द्वारका, बेट आणि ओखा. १८१७ च्या तहानं ओखामंडळ बडोद्याकडे आलं. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या सरकारनं तिथल्या समुद्रातल्या जीवांची पाहणी जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून करून घेतली; त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये निघाला. ओखा बंदर बडोदा सरकारनं १९२६ मध्ये सुरू केलं. आपल्यापैकी काही घरांत ‘आजोबा ओख्याला नोकरीवर होते’ हे वाक्य अजून ऐकू येतं. तेव्हा समुद्रावर बोलण्याचा बडोदेकराला पुरेसा हक्क आहे.

आता माझ्याबद्दल दोन शब्द. मी पक्षिशास्त्रज्ञ नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या नोकरीत लागलो. काही वर्षं माझी बदली द्वारकेच्या बाजूला होती आणि काम किनाऱ्याच्या संरक्षक भिंतीचं. पावसाळ्यात तिथं काम म्हणजे मुख्यतः लाटा कुठं आदळतात, दगड कुठं सरकतात ते बघत बसणं. समोर बघायचा पगारच मिळत होता म्हणा ना! आमच्या साइटवर एक वाघेर चौकीदार होते, वयस्क. वारा सुटला की ते म्हणायचे, ‘‘साहेब, आजे पवन छे, आजे पंखी कांठे आवशे.’’ आज वारा आहे, आज पाखरं काठाला येतील. आजचं माझं सगळं भाषण त्यांच्या त्या एका वाक्यावर उभं आहे.

आधी हे सांगायला हवं की समुद्रकाठचा पक्षी वेगळा आणि समुद्राचा पक्षी वेगळा. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला आपण सगळे जाऊन आलो आहोत. भरतीला पिंड पाण्याखाली जाते, ओहोटीला उघडी पडते. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या घरात जातो, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. तिथं चिखलावर टिटव्यांच्या जातीचे छोटे पक्षी, बगळे, रोहित, आणि थंडीत कुरव दिसतात. हे काठाचे पक्षी. त्यांना रात्री टेकायला जमीन लागते.

समुद्राचे पक्षी निराळे. ते जमिनीवर येतात ते फक्त अंडी घालायला, तेही कुठल्या तरी निर्मनुष्य बेटावर. बाकी जन्म पाण्यावर आणि वाऱ्यावर. खारं पाणीच पितात. त्यांच्या डोळ्यांच्या वर एक ग्रंथी असते. ती रक्तातलं जादा मीठ गाळते आणि ते खारट पाणी चोचीवरून थेंबाथेंबानं ओघळतं. मिठाचं पाणी गोडं करायला आपण केवढे प्लांट उभारतो, आणि हा पक्षी तो प्लांट कपाळात घेऊन फिरतो.

असे पक्षी आपल्या किनाऱ्यावरून एरवी दिसत नाहीत याला कारण आहे. खंबातच्या आखातासमोर समुद्रबूड जमीन तीनशे किलोमीटरहून जास्त रुंद आहे. इतकी रुंद ती भारतात दुसरीकडे कुठं नाही. पाणी उथळ, गढूळ. खोल समुद्रातला पक्षी या गढूळ पाण्यात कशाला येईल? द्वारकेपुढे किंवा कोकणापुढे पाणी त्या मानानं लवकर स्वच्छ होतं, पण तिथंही तो क्षितिजाच्या पलीकडे असतो. त्याला आपल्या नजरेच्या टप्प्यात आणतो तो वारा.

हिवाळ्यात आपल्याकडचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. पावसाळ्यात तो नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून जमिनीकडे येतो. जून ते सप्टेंबर द्वारकेचा, रत्नागिरीचा, वेंगुर्ल्याचा किनारा या वाऱ्याला छाती देऊन उभा असतो. पक्षी उडत असतो उत्तर-दक्षिण, आणि वारा त्याला कडेनं जमिनीकडे ढकलत असतो. जिथं जमिनीचं टोक समुद्रात पुढे आलेलं असतं, तिथं त्या पक्ष्याला वळसा घालावाच लागतो. त्या टोकावर जो बसला असेल, त्याच्यासमोरून तो जातो.

आणि एक गंमत बघा. याच दिवसांत मच्छीमारी बंद असते. १ जूनपासून होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, बंदरावर तीन नंबरचं सिग्नल चढलेलं असतं. परंपरेनं नारळी पौर्णिमेपर्यंत खारवा काय, कोळी काय, सहसा कुणी समुद्रात जात नाही. म्हणजे ज्या महिन्यांत अरबी समुद्रात पक्ष्यांची सर्वांत जास्त गर्दी, त्याच महिन्यांत समुद्रावर बघणारा माणूस नाही. या पक्ष्यांची नोंद घ्यायची असेल तर ती किनाऱ्यावर बसूनच घ्यावी लागते. तिथं बसायला पदवी लागत नाही. छत्री मात्र काही कामाची नाही, ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते.

हे पक्षी येतात कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल नावाचं एक काळं, कमरेला पांढरा पट्टा असलेलं चिमुकलं पाखरू आहे. वजन पस्तीस-चाळीस ग्रॅम, आपला एक उकडीचा मोदक भरेल तेवढं. हे अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि आसपासच्या बेटांवर पिल्लं वाढवतं. तिकडे हिवाळा सुरू झाला की निघतं आणि विषुववृत्त ओलांडून आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रात येतं. पाण्यावर पाय टेकवत, जणू चालत चालत, बारीकसारीक जीव टिपतं. फ्लेश-फुटेड शिअरवॉटर नावाचा कावळ्यापेक्षा थोडा मोठा, तपकिरी पक्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडून येतो. पर्शियन शिअरवॉटर आणि मास्क्ड बूबी ओमानच्या बाजूच्या बेटांवर वाढतात.

एवढ्या लांबून ते इथं येतात ते खाण्यासाठी. मान्सूनचा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला घासून जातो, वरचं पाणी दूर लोटतो आणि खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव, त्यांवर मासे, आणि त्या सगळ्यांवर पक्षी. जो वारा आपल्या शेतात पाऊस आणतो, तोच तिकडे या पक्ष्यांची पंगत मांडतो. ऑगस्टच्या अखेरीस वारा मंदावू लागला की पंगत उठते आणि पक्षी परतीला लागतात. नेमके गणपतीचे दिवस!

आपल्याच किनाऱ्यावर जन्मणारेही काही आहेत. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे, वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथं सुरय जातीचे पक्षी, विशेषतः ब्रायडल्ड टर्न, भर पावसाळ्यात अंडी घालतात, कारण तेव्हा तिथं माणूस पोहोचू शकत नाही. मुंबईचे पक्षिअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी १९४० मध्ये त्या खडकांवरच्या पक्ष्यांविषयी लेख लिहिला. आपल्यातल्या कितीतरी जणांचं मूळ गाव सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडचं आहे. गावच्या समुद्रात ही वसाहत आहे, हे घरातल्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

आता वाऱ्यात हा पक्षी उडतो कसा? शिअरवॉटर म्हणजे पाणी कापत जाणारा. तो पंख फारसे हलवत नाही. ताठ पंखांनी लाटेला चिकटून जातो, मग एकदम कलून वर चढतो, वळतो आणि पुन्हा खाली घसरतो. आमच्या खात्यातल्या माणसाला हे कालव्याच्या उदाहरणानं पटकन कळतं. कालव्यात पाण्याचा वेग तळाशी कमी आणि वर जास्त असतो, कारण तळ पाण्याला अडवतो. वाऱ्याचंही तसंच आहे. लाटांमुळे पाण्यालगत वारा मंद असतो आणि पाच-दहा मीटरवर जोरात. पक्षी मंद थरातून वाऱ्याला तोंड देऊन वेगवान थरात चढतो, तिथला वेग अंगात घेतो, वळून खाली येतो आणि तो वेग पुढे जायला वापरतो. वेगवेगळ्या वेगाच्या दोन थरांमधल्या फरकावर तो जगतो. वारा पडला की बिचाऱ्याला पंख मारत बसावं लागतं, नाहीतर पाण्यावर बसून राहावं लागतं. म्हणून शांत, निळ्या, फोटो काढण्यासारख्या समुद्रावर हा दिसत नाही. समुद्र खवळला की दिसतो.

ज्यांना प्रत्यक्ष बघायची हौस वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली, जागा. वाळूच्या सपाट किनाऱ्यापेक्षा खडकाळ टोक चांगलं. द्वारकेत भडकेश्वराच्या बाजूचा उंचवटा, कोकणात रत्नदुर्गाचं किंवा देवगडचं दीपगृहाकडचं टोक. उंचीचा हिशोब सोपा आहे. तुमचा डोळा पाण्यापासून जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढा आणि साडेतीननं गुणा, क्षितिज तितके किलोमीटर. वाळूवर उभं राहिलात, डोळा दोन मीटरवर, तर पाच किलोमीटर. सोळा मीटरच्या टोकावर बसलात तर चौदा किलोमीटर. बसायचं मात्र भिंतीच्या किंवा खडकाच्या आडोशाला, नाहीतर दुर्बीण हलते आणि काच खाऱ्या तुषारांनी आंधळी होते. सुती रुमाल दोन-तीन लागतात.

दुसरी, वेळ. आपला किनारा पश्चिमेला. सकाळी ऊन पाठीशी असतं आणि पक्ष्याचा रंग कळतो. संध्याकाळी सगळे पक्षी काळेच दिसतात.

तिसरी, पद्धत. पक्ष्यामागे दुर्बीण फिरवत बसायचं नाही. दुर्बीण क्षितिजाच्या थोडी खाली रोखायची आणि सावकाश डावीकडून उजवीकडे न्यायची. वहीत तासातासानं लिहायचं: वारा कुठून, किती जोराचा, पक्षी कुठल्या दिशेला गेले, किती. नाव कळलं नाही तरी ‘काळा, ताठ पंख, दक्षिणेकडे, तीन’ असं लिहावं. ही नोंदसुद्धा कामाची असते. ‘एक तास बसलो, काही दिसलं नाही’ हीसुद्धा कामाचीच. आमच्या सौ. विचारायच्या, ‘‘तीन तास बसून वहीत शून्य लिहिलंत?’’ मी म्हणायचो, पाऊस मोजणारा माणूस कोरड्या दिवशीही वहीत शून्य लिहितोच की. त्या शून्यांशिवाय पावसाची सरासरी निघत नाही. अशा नोंदी आता ई-बर्डवर मोबाइलवरून टाकता येतात आणि अभ्यासकांच्या हाती पडतात.

चौथी, आणि इथं मी नोकरीतल्या माणसासारखा कडक होणार आहे. चक्रीवादळाचा इशारा असताना किनाऱ्यावर जायचं नाही. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते दीव-उनाजवळ जमिनीवर चढलं, १५ जून २०२३ ला बिपरजॉय कच्छमध्ये जखौजवळ. अशा वेळी किनारा पोलिसांचा आणि प्रशासनाचा. कुठलाही पक्षी आपल्या जिवापेक्षा मोठा नाही. वादळ ओसरल्यावर मात्र घराजवळच्या मोठ्या तलावांवर नजर टाकावी. वादळात सापडलेले समुद्रपक्षी कधीकधी जमिनीवर फार आत फेकले जातात. आपल्याकडे आजवा आहे, डभोईजवळचा वढवाणा आहे. वढवाणा २०२१ पासून रामसर यादीत आहे. तिथं कावऱ्याबावऱ्या घिरट्या घालणारा अनोळखी काळा-पांढरा सुरय दिसला तर तो वाट चुकलेला पाहुणा असू शकतो.

यावरूनच आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ज्या वाऱ्यामुळे हे पक्षी आपल्याला दिसतात, तोच त्यांतल्या काहींचा जीव घेतो. वारा दिवसचे दिवस थांबला नाही, पाण्यात मासा दिसेना, अंगातली चरबी संपली, की पक्षी किनाऱ्यावर पडतो. दर पावसाळ्यात मुंबईपासून गोव्यापर्यंत मास्क्ड बूबीसारखे थकलेले पक्षी वाळूवर, रस्त्यावर, कधी इमारतीच्या गच्चीवर सापडतात. लोक धावत येतात. मनात दयाच असते. पण माहिती नसेल तर ती दयाच पक्ष्याला मारते.

सर्वांत पहिली गोष्ट लोक करतात ती म्हणजे ‘समुद्राचा आहे, समुद्रात सोडा’ म्हणून त्याला लाटांत फेकतात. अहो, तो समुद्रातून हरून आलेला आहे! पुन्हा ढकललात तर बुडेल.

दुसरं, पाणी पाजतात. चोच उघडून ओतलेलं पाणी घशात न जाता फुप्फुसात जातं. भिजवलेली पोळी, भात, दूध यांतलं काहीही देऊ नये.

तिसरं, पाय मोडला असं समजतात. शिअरवॉटर आणि पेट्रेल यांचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात, पाण्यात वल्हवण्यासाठी. जमिनीवर त्यांना नीट उभंही राहता येत नाही. धडधाकट असले तरी ते छातीवर बसतात आणि सपाट जमिनीवरून बहुधा उडूही शकत नाहीत. मोडलेला नसलेला पाय काठीला बांधून ठेवला की खरोखरच अधू होतो.

चौथं सर्वांत महत्त्वाचं, नीट ऐका. बूबी चोचीनं जोरात टोचतो, म्हणून लोक त्याची चोच दोरीनं किंवा रबरानं घट्ट बांधतात. बूबीला बाहेरून नाकपुड्याच नसतात. तो पाण्यात उंचावरून सूर मारतो, म्हणून निसर्गानं त्या बंद केल्या आहेत. तो तोंडाच्या कडेनं श्वास घेतो. त्याची चोच घट्ट बांधणं म्हणजे त्याचा गळा दाबणं.

मग करायचं काय? बडोदेकराला हे शिकवायला नको, कारण उत्तरायणात आपली मुलं हेच करतात. मांजानं जखमी झालेलं कबूतर सापडलं की आपण काय करतो? जाड कापड टाकून, पंख अंगाला लावून हळूच उचलतो, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवतो, खोकं अंधारात, शांत जागी ठेवतो आणि करुणा अभियानाच्या १९६२ नंबरला फोन करतो. समुद्रपक्ष्याचं तेच. फरक दोन: आपलं तोंड त्याच्या चोचीपासून लांब ठेवायचं, कारण तो डोळ्यांवर नेम धरतो; आणि उचलताना हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरायची, नंतर साबणानं हात धुवायचे. महाराष्ट्रात असाल तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे. सेल्फी नको, गर्दी नको, मुलांनी हात फिरवायला नको. आपल्याला माया वाटते, त्याला मात्र आपण शिकारी प्राणी दिसतो. आणि तो घरी ठेवून पाळायचा विचारही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

साइटवर मी असा एक बूबी पाहिला आहे. भिंतीच्या दगडांवर बसला होता, पांढराशुभ्र, पंखांची कड काळी, तोंडावर काळा मुखवटा. आमच्या चौकीदारांनी आपलं फडकं त्याच्यावर टाकलं आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांच्या आडोशाला खोक्यात ठेवला. मजूर भोवती जमले तर म्हणाले, ‘‘आघा रहो, महेमान छे.’’ लांब राहा, पाहुणा आहे. वनखात्याची माणसं संध्याकाळी आली आणि घेऊन गेली. पुढे तो जगला की नाही, मला कळलं नाही. पण त्या दिवशी त्याच्या बाबतीत आमच्याकडून जे करायला हवं ते झालं. कामावरच्या त्या सगळ्या मंडळींत पक्ष्याचं इंग्रजी नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पाहुण्याला कसं वागवायचं ते मात्र माहीत होतं.

मंडळाला माझी एक छोटी विनंती आहे. आपल्यापैकी बरीच कुटुंबं गणपतीला कोकणात जातात, काही दिवाळीआधी द्वारकेला जातात. जाताना डिकीत एक रिकामं पुठ्ठ्याचं खोकं आणि एक जुना टॉवेल टाका. मुलांच्या हातात एक वही द्या. दर्शन झालं, जेवण झालं, की एक तास एखाद्या टोकावर वाऱ्यात बसा. काही दिसेल, कदाचित काहीच दिसणार नाही, दोन्ही लिहा. परत आल्यावर त्या वह्या मंडळात आणा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत आपण मुलांच्या नावानिशी त्यांची एक यादी छापू: तारीख, जागा, वारा, पक्षी. वीस घरांनी असं दहा वर्षं केलं तर ती यादी नुसती मंडळाची राहणार नाही. त्या महिन्यांत समुद्रावर कुणी नसताना बडोद्याची माणसं किनाऱ्यावर बसून बघत होती, याची ती नोंद होईल.

 गणपती बाप्पा मोरया!